ग्रेहाउंड पाच-सहा वर्षांतच जातो, हे खरं नाही

इंग्लंडमधल्या आपल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड जातीचा कुत्रा पाच-सहा वर्षंच जगतो, तेव्हा जीव लावू नका. हे चुकीचं आहे. शर्यतीची कारकीर्द साधारण दोन ते पाच वर्षांच्या वयात संपते, आयुष्य नाही. बहुतेक ग्रेहाउंड दहा ते तेरा वर्षं जगतात, काही त्याहूनही जास्त. म्हणजे चार वर्षांचा कुत्रा घरी आणलात, तर सहा-आठ वर्षांची सोबत सहज मिळू शकते.

धोके आहेत, ते लपवणार नाही. या जातीत हाडांचा कॅन्सर, विशेषतः पायाचा, जास्त आढळतो. लंगडणं दोन दिवसांत थांबलं नाही तर डॉक्टरांकडे न्याच. दातही लवकर खराब होतात. आणि रक्त तपासाल तेव्हा लक्षात ठेवा, निरोगी ग्रेहाउंडच्या थायरॉइड हार्मोनचं प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा कमीच येतं. तेवढ्यावरून गोळ्या सुरू करायच्या नसतात.

आमची राणी आता अकरा वर्षांची आहे. तोंड पांढरं झालंय, दोन्ही कानांतला आयर्लंडमधल्या नोंदणीचा हिरवा टॅटू फिकटलाय. दुपारी चारही पाय वर करून सोफ्यावर पसरते आणि मी शेजारी बसले की मान मांडीवर टाकते. तेव्हा मी फोन बाजूला ठेवते.