फिनेलच्या वासावर जाऊ नका

आमच्या सांगली-मिरजेत अमका दवाखाना कसा आहे विचारलं की लोक आधी फरशीचं कौतुक करतात. "लई क्लीन हाय, फरशीत तोंड दिसतंय." वॉर्डात नर्स म्हणून नोकरी करून निवृत्त झालेय, म्हणून स्पष्टच सांगते. चकचकीत फरशी आणि फिनेलचा घमघमाट यावरून तिथं जंतुसंसर्ग आटोक्यात आहे की नाही, हे कळत नाही. पेशंट फरशीला हात लावत नाही. तो कॉटचा कठडा धरतो, लॉकरवरचा पेला उचलतो, बेल दाबतो. तोच कठडा ड्रेसिंग करणारी सिस्टर धरते, राऊंडचे डॉक्टर धरतात, आणि पुढच्या कॉटकडे वळतात. अ‍ॅसिनेटोबॅक्टरसारखे जंतू अशा कोरड्या जागीही आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही तग धरतात.

डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून पार कर्नाटकातून पेशंट इकडे येतात. आज येणाऱ्यातले बरेचजण आधी दोन दवाखाने आणि ढीगभर अँटिबायोटिक करून आलेले असतात. औषधांना दाद न देणारे जंतूही सोबत येऊ शकतात, आणि ते काही केसपेपरवर लिहिलेलं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी १५ जणांना दवाखान्यातच नवा संसर्ग होतो. श्रीमंत देशांत ७ जणांना.

हे थांबवण्याचं निम्मं काम वॉर्डाची साफसफाई करणाऱ्या मावशी आणि मामांच्या हातात असतं. ते बहुतेक कंत्राटावर, आणि शिकवलेलं कुणी काही नसतं. साधं हायपो, म्हणजे जंतू मारायचं सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण, घ्या. बाजारात साधारण ५ टक्क्यांचं मिळतं. रक्त सांडलं तर १ टक्क्याचं लागतं, म्हणजे एक भाग हायपोला चार भाग पाणी. हे मावशींना सांगायचं कुणी? त्या अंदाजानं ओततात. शिवाय मळ तसाच ठेवून वरून हायपो मारलं की त्यातलं क्लोरिन मळातच खर्ची पडतं, म्हणून आधी साबणाचं पाणी. मग हायपो लावून जागा दहा मिनिटं ओली राहिली पाहिजे. लगेच कोरडं फडकं फिरवलं की सगळं वाया. द्रावण रोज ताजं करायचं, उन्हात ठेवायचं नाही. खिडकीत, पारदर्शक बाटलीत परवाचं हायपो ठेवलेलं मी पाहिलंय. वास असतो, दम नसतो. आणि संडासाच्या अ‍ॅसिडमध्ये ते चुकूनही मिसळू नये, विषारी वायू निघतो.

फडक्याचंही तेच. संडासाचं वेगळं, कॉटचं वेगळं. पुसायचं स्वच्छ भागाकडून घाण भागाकडे, वरून खाली. वॉर्डात कोरडा झाडू मारणं तर बंदच करायला हवं. धुरळा उडतो आणि पेशंटच्या जखमेवर बसतो.

ग्लोव्हजवर मात्र माझा खास राग. एकदा चढवले की माणसाला वाटतं आपण शुद्ध झालो. त्याच ग्लोव्हजनं दार उघडायचं, मोबाईल घ्यायचा, फाईल चाळायची, आणि परत सलाईनला हात! ग्लोव्हज काढल्यावरही हात धुवायचे असतात, हे शिकलेल्यांनाही सांगावं लागतं. व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं १८४७ साली बाळंतिणींच्या वॉर्डात क्लोरिनच्या पाण्यानं हात धुवायला लावले. शेकडा १८ च्या वर गेलेले मृत्यू काही महिन्यांत २ च्या आसपास आले. तरी डॉक्टर मंडळी त्याच्यावरच चिडली. आपल्याकडे आजही मोठ्या डॉक्टरांना "सर, हात" म्हणायची हिंमत किती सिस्टरांत आहे? हातावरचे जंतू मारणारं अल्कोहोलचं हँडरब चोळायला २० ते ३० सेकंद लागतात. हात मळलेले असतील किंवा पेशंटला जुलाब असतील तर साबण-पाणीच हवं, कारण जुलाबाच्या काही जंतूंचे बीजाणू अल्कोहोलनं मरत नाहीत.

आणि आपण नातेवाईक! बघायला येताना शहाळं, द्राक्षं, सोबत दोन पोरं. बूड टेकायचं ते कॉटवर. एसटीच्या फळीवरची पिशवी थेट पेशंटच्या उशाशी. सिस्टरनं हटकलं की "एवढ्या लांबनं आलोय" म्हणून भांडण.

पेशंट भरती करताना पॅकेज विचारता ना, तसंच कॉटचा कठडा कोण पुसतं, दिवसातून किती वेळा आणि कशानं, हेही विचारा. शक्यतो मावशींनाच विचारा. काउंटरवर "आमच्याकडं सगळं एनएबीएचप्रमाणं (दवाखान्यांना दर्जाचं प्रमाणपत्र देणारं मंडळ) आहे" एवढंच ऐकायला मिळेल.