अंदमानला जाण्याआधी तरंगायला शिका

दिवाळी झाली की ओळखीतून एकच विचारणा सुरू होते. अंदमानला चाललोय, हॉटेल कुठलं घेऊ, हॅवलॉक बेटावर किती रात्री ठेवू, बोटीची तिकिटं आधी काढू का. मला माहीत असतं ते सगळं मी सांगते, पण त्याआधी एक विचारते: घरातल्या कितीजणांना पाण्यावर तरंगता येतं? बहुतेक वेळा उत्तर येतं, "अगं, लाइफ जॅकेट देतात की तिथे!" आज लिहायचंय ते या उत्तराबद्दलच.

2015 साली मी पहिल्यांदा गेले तेव्हा मलाही असंच वाटत होतं. हॅवलॉकच्या एलिफंट बीचवर सगळ्यांसारखं जॅकेट घातलं, मास्क लावला, रबरी रिंग धरली आणि गाईड मला ओढत आत घेऊन गेला. मास्कमध्ये पाणी शिरलं. मी घाबरले आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच केलं, पाय खाली सोडले. "मॅडम, पाँव नीचे मत करो!" गाईड ओरडला, पण तोवर पायाखाली काहीतरी मोडलं होतं. पाण्यात आवाज आला नाही, तळपायाला कळलं. पुढची दहा-पंधरा मिनिटं मी काय पाहिलं ते मला आठवत नाही. ते मोडणं मात्र आठवतं.

लाइफ जॅकेट तुम्हाला बुडू देत नाही, ते घालायलाच हवं. पण ते माणसाला पाण्यात उभं धरतं, डोकं वर आणि पाय खाली. प्रवाळ बघायचं तर पालथं, आडवं व्हावं लागतं. ज्याला अंग सोडून आडवं होता येत नाही तो जमीन शोधतो, आणि कंबरभर-छातीभर पाण्यात तिथली जमीन म्हणजे जिवंत प्राणी असतात. दगडासारखं दिसतं ते असंख्य छोट्या जिवांचं घर. एकेक जीव नखाएवढा किंवा त्याहून लहान, स्वतःभोवती चुन्याची वाटी बांधणारा, आणि त्याच्या अंगात राहणारं शेवाळ उन्हावर अन्न करून त्याला भरवणारं. रंगही बराचसा त्या शेवाळाचाच. फांद्या असलेलं प्रवाळ तुलनेनं लवकर वाढतं. गोल, घुमटासारखं वाढणारं पोराइट्स जातीचं प्रवाळ वर्षाला साधारण 1 सेंटीमीटर.

हा हिशोब करून बघा. आपण मराठी माणसं अंदमानला गेलो की आधी सेल्युलर जेलला जातो, सावरकरांच्या कोठडीसमोर उभं राहतो, बऱ्याच जणांचे डोळे भरून येतात. माझेही आले. त्या जेलचं बांधकाम 1906 साली पूर्ण झालं. छातीएवढ्या उंचीचा पोराइट्सचा घुमट समुद्रात दिसला, तर तो जीव त्याच सुमारास तिथे बसला असं धरायला हरकत नाही. कोठडीसमोर आपण चपलांचा आवाजही होऊ देत नाही. त्याच्याच वयाच्या या जिवावर मात्र पाय रोवून फोटो काढतो.

या प्रवाळाला आमच्या पायांशिवायही पुष्कळ सोसावं लागलंय. 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपात निकोबारच्या टोकाला इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरहून जास्त खचली आणि उत्तर अंदमानात समुद्रतळ वर उचलला गेला. तिकडची प्रवाळं पाण्याबाहेर आली आणि उघड्यावर मेली. मग 2010 चा उन्हाळा. समुद्राचं तापमान नेहमीच्या सर्वात उष्ण महिन्यापेक्षा एखाद्या अंशानं जरी जास्त काही आठवडे राहिलं, तरी प्रवाळ ते शेवाळ अंगाबाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. त्या वर्षी अंदमानात असं मोठ्या प्रमाणावर झालं, 2016 ला पुन्हा झालं. पाणी वेळेत निवलं तर ते सावरू शकतं, पण त्याला वर्षं लागतात. भूकंप मी थांबवू शकत नाही, समुद्र गार करू शकत नाही. माझे पाय मात्र माझ्या हातात आहेत.

म्हणून 44 व्या वर्षी तरणतलावात नाव घातलं. तीन महिने लागले. पहिले पंधरा दिवस फक्त तोंड पाण्यात घालून श्वास सोडणं. मग हातपाय पसरून पालथं पडून राहणं, काहीही न करता. भरलेली छाती आपल्याला वर ठेवते हे मला पुस्तकात वाचून कळत होतं, अंगाला पटायला वेळ लागला. ज्या दिवशी पटलं त्या दिवशी मी काठावर बसून रडले. स्नॉर्केलसाठी, म्हणजे मास्क लावून, तोंडात नळी धरून पाण्यावरून खाली बघत राहण्यासाठी, पट्टीचं पोहणारं असायची गरज नाही. जॅकेट अंगात ठेवूनच आडवं होता आलं, तोंडानं सावकाश श्वास घेता आला, मास्कमध्ये पाणी आलं तर न घाबरता काढता आलं आणि पाय गुडघ्यातून नाही तर मांडीतून हलवता आले, की झालं. मास्क स्वतःच्या चेहऱ्याच्या मापाचा घ्या आणि घरीच, तलावात, दहा वेळा वापरून बघा.

2023 च्या मार्चमध्ये परत गेले. तेव्हा मला आवाज ऐकू आला! पहिल्या वेळी मी इतकी धडपडत होते की समुद्राला आवाज असतो हेच कळलं नव्हतं. कुरूम, कुरूम. पोपटमासे चोचीनं मेलेलं प्रवाळ आणि त्यावरचं शेवाळ खरवडत होते. चुना त्यांच्या पोटातून पीठ होऊन बाहेर पडतो. मोठा पोपटमासा वर्षाला अशी शेकडो किलो वाळू करतो. प्रवाळाच्या बेटांवरच्या ज्या पांढऱ्या वाळूवर आपण लोळतो तिचा बराच भाग असा आलेला असतो. मी तिथेच तरंगत राहिले आणि एकाच माशाच्या मागे माझी वीस मिनिटं गेली.

मग रोज सकाळी त्याच जागी गेले. दुसऱ्या दिवशी ओळख पटायला लागली. एका समुद्रफुलात (सी अ‍ॅनिमोन, फुलासारखा दिसणारा प्राणी) क्लाउनफिश माशांची जोडी होती, मोठी ती मादी. तिसऱ्या दिवशी मी जवळ गेले तर तीच अंगावर धावून आली, बोटभर लांबीची. माझ्या मते अंदमानातला सगळ्यात मोठा आनंद हा आहे, एकच जागा पुन्हा पुन्हा बघणं. ठरावीक सहलीत समुद्राच्या वाट्याला अर्धा तास येतो आणि त्यातला निम्मा वेळ कॅमेऱ्याकडे अंगठा दाखवण्यात जातो. एक बेट कमी करा, पण एका किनाऱ्यावर तीन सकाळी द्या.

नील बेटावर लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर ओहोटीला पाणी आत जातं आणि डबक्यांमध्ये काय काय दिसतं. तिथे एकानं हौसेनं समुद्रकाकडी, म्हणजे काकडीसारखा दिसणारा एक समुद्री प्राणी, उचलून माझ्या हातात द्यायला धरली. मी नाही म्हटलं. तिला 2001 पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, प्रवाळालाही आहे. शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे बेटांबाहेर न्यायला मनाई आहे आणि विमानतळावर सामान तपासतात. रिकाम्या दिसणाऱ्या शंखात बऱ्याचदा खेकडा राहत असतो. मुलांना तो चालताना दाखवा, खिशात भरण्यापेक्षा त्यांना जास्त आवडतं.

वांडूरहून जॉली बॉयला जायचं असेल तर परवाना आधी काढा. हे बेट महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं. जेट्टीवर प्लास्टिकची तपासणी होते, पिशव्या-वेफर्स आत नेता येत नाहीत. रांगेत लोक त्यावर कुरकुर करतात. मला मात्र तिथे उभं राहून फार बरं वाटलं, कारण कुणीतरी दारात उभं राहून विचारतंय की तुम्ही आत काय नेताय.

आणखी एक. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. जिथे पोहायला मनाई लिहिलीय तिथे, आणि तिवरांच्या खाडीजवळ तर अजिबात, पाण्यात उतरू नका, कितीही पोहता येत असलं तरी. समुद्राचा अंदाज तिथल्या बोटवाल्याला विचारा आणि तो नको म्हणाला तर हट्ट करू नका.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी शांत आणि स्वच्छ असतं. मेच्या सुट्टीत जाल तर महिनाअखेरीला पावसाची शक्यता धरा. मार्चची तिकिटं काढली असतील तर अजून वेळ आहे. जवळच्या तरणतलावात सकाळची प्रौढांची बॅच असते का ते विचारून या. माझ्या बॅचमध्ये 61 वर्षांच्या एक काकू होत्या. त्या गेल्या वर्षी नीलला जाऊन आल्या. परत आल्यावर त्यांनी फोन केला, पण हॉटेलबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. तिथल्या भरतपूरच्या किनाऱ्याजवळ पाण्यातल्या गवतावर चरणारं कासव त्यांनी पाऊण तास वरून पाहिलं होतं, आणि ते श्वास घ्यायला किती वेळा वर आलं हे त्यांनी मोजलं होतं.