गाडीला सबसिडी, मग बदलीच्या बॅटरीला का नाही?

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला वरच्या मजल्यावरच्या मुलाने दार वाजवलं. "काका, ई-बाइकच्या बॅटरीतून कसलातरी वास येतोय, जरा येता का?" वास गोडसर होता, नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा. हॉलमध्ये टीव्हीच्या बोर्डाला चार्जर लावलेला, बॅटरीची एक बाजू फुगलेली आणि हात लावला तर चटका बसेल इतकी गरम. आतल्या खोलीत त्याची आई आणि दहावीतली बहीण झोपलेल्या. पिन काढली, बॅटरी गोणपाटात धरून आम्ही दोघांनी तीन जिने उतरवली आणि इमारतीमागच्या मोकळ्या जागेत ठेवली. वीस मिनिटांनी तिच्यातून फुसफुसत पांढरा धूर निघाला आणि मग जाळ.

आम्ही केलं ते कुणी करू नका. ती जिन्यात पेटली असती तर आज मी हे लिहायला नसतो. असा वास आला, बॅटरी फुगलेली दिसली, तर सगळ्यांना बाहेर काढा, दार ओढून घ्या, जिना उतरा आणि 101 ला फोन करा. वाळू टाकून ही आग विझत नाही, कारण सेल तापला की त्याच्यातल्याच रसायनातून ऑक्सिजन सुटतो. तिला भरपूर पाणी घालून थंड करावं लागतं आणि विझली असं वाटल्यावरही ती पुन्हा पेटू शकते. ते काम अग्निशमन दलाचं.

मी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेड शिकवून निवृत्त झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी जळलेले सेल मोजल्याशिवाय मला राहवलं नाही. एकामागोमाग एक जोडलेले सोळा गट होते. एका सेलला पूर्ण चार्जला 4.2 व्होल्ट, म्हणजे या पॅकला 67.2 व्होल्टचा चार्जर हवा. मुलाकडे होता तो गाडीबरोबर आलेला जुना चार्जर, 71.4 व्होल्टचा, सतरा गटांच्या बॅटरीसाठी बनवलेला. प्रत्येक सेलवर जवळजवळ 4.46 व्होल्ट पडत होते. अशा वेळी चार्जिंग तोडायचं काम बीएमएसचं, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या छोट्या सर्किटचं. त्याने ते तोडलं नाही. आणि दोन्हींवर लेबल एकच, "60 व्होल्ट". फॉस्फेट हा दुसऱ्या प्रकारचा लिथियम सेल असलेल्या वीस गटांच्या बॅटरीलाही बाजारात 60 व्होल्टच म्हणतात, तिला 73 लागतात. तीन वेगळ्या बॅटऱ्या, एक नाव, आणि पिनही बऱ्याचदा एकसारखी. कॉलेज करून संध्याकाळी डिलिव्हरी करणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोराने हे कुठून ओळखायचं?

त्याची गाडी ताशी 25 किलोमीटरच्या आतली, 250 वॉटवाली. तिला पासिंग नाही, लायसन्स लागत नाही, म्हणून सेकंडहँड घेतली. तीन वर्षांत मूळ बॅटरी बसली. डीलरचं दुकान बंद झालेलं. नवी बॅटरी न परवडणारी, म्हणून एका दुकानातून निम्म्या पैशांत सेल बदलून घेतले. बिल साध्या कागदावर. सेल नवे होते की कुठल्या जुन्या पॅकमधून काढलेले, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

आता सरकारी पैसा कुठे गेला ते बघा. विजेच्या गाड्यांना अनुदान देणारी केंद्राची फेम-2 योजना एप्रिल 2019 ला सुरू झाली, दहा हजार कोटींची. जून 2021 मध्ये दुचाकीचं अनुदान बॅटरीच्या दर किलोवॅट-तासाला 15,000 रुपये झालं, गाडीच्या किमतीच्या 40 टक्क्यांपर्यंत. जून 2023 मध्ये ते 10,000 आणि 15 टक्क्यांवर आलं. ऑक्टोबर 2024 च्या पीएम ई-ड्राइव्ह या पुढच्या योजनेत 5,000 आणि पुढच्या वर्षी 2,500. महाराष्ट्राने 2021 च्या धोरणात वर आपली भर घातली. हे सगळं शोरूममधून गाडी बाहेर पडेपर्यंतचं. त्या पैशांनी गाड्या रस्त्यावर आल्या, पेट्रोलचा खर्च वाचला, त्याचा मला आनंदच आहे. पण तीन-चार वर्षांनी बॅटरी बदलायची वेळ येते तेव्हा माणूस एकटा असतो. उलट, बॅटरीसकट नवी गाडी घेतली तर जीएसटी 5 टक्के आणि तीच लिथियम बॅटरी वेगळी विकत घेतली तर 18 टक्के. चांगली, प्रमाणित बॅटरी घेणाऱ्यालाच आपण जास्त कर लावतो. म्हणून तो गल्लीतल्या दुकानाकडे जातो.

2022 साल आठवतंय ना? मार्चमध्ये पुण्याच्या लोहगावात उभ्या ई-स्कूटरने पेट घेतला, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. त्याच सुमारास वेल्लोरला घरात स्कूटर चार्जिंगला असताना आग लागून बाप-लेक धुराने गेले. एप्रिलमध्ये नाशकात कंटेनरमध्ये चढवलेल्या स्कूटर जळाल्या. सप्टेंबरमध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेली बॅटरी फुटली आणि सात वर्षांचं पोर गेलं. मार्च-एप्रिलच्या आगींनंतर केंद्राने समिती नेमली होती आणि विजेच्या दुचाकींच्या बॅटरीसाठीचं एआयएस-156 हे मानक कडक केलं, पहिला टप्पा 1 डिसेंबर 2022 पासून, दुसरा 31 मार्च 2023 पासून. पॅकमध्ये पाणी शिरू नये, तापमानाचे सेन्सर हवेत, सेलमध्ये अंतर हवं, एक सेल पेटला तर पूर्ण पॅक पेटता कामा नये, आणि तसं काही व्हायला लागलं तर चालवणाऱ्याला आवाजाने आणि दिव्याने इशारा मिळाला पाहिजे. चांगलं मानक आहे. वाहनांच्या चाचण्या घेणाऱ्या ज्या संस्थेने ते प्रसिद्ध केलं ती आपल्या पुण्यातच आहे, एआरएआय, जिच्या टेकडीवर अर्धं कोथरूड सकाळी फिरायला जातं.

पण ही परीक्षा नव्या मॉडेलची. रस्त्यावर आलेल्या गाडीत चौथ्या वर्षी कुठली बॅटरी बसली, हे पाहायला कुणी येत नाही. पासिंग नसलेल्या गाडीला तर आरटीओचं दारही माहीत नसतं. 2023 मध्ये सात कंपन्यांना अनुदान परत करा म्हणून नोटिसा गेल्या, कारण सुटे भाग देशातले नव्हते. एवढी बारीक तपासणी करता येते, तर जुन्या सेलची बॅटरी विकणाऱ्या दुकानाची का नाही?

न्यूयॉर्कमध्ये ई-बाइकसारख्या वाहनांच्या लिथियम बॅटऱ्यांनी लागलेल्या आगींत 2023 या एकाच वर्षात 18 माणसं गेली. त्याच वर्षी तिथे प्रमाणित नसलेल्या बॅटऱ्या विकायला आणि वापरलेले सेल काढून पॅक बांधून विकायला बंदी आली. 2024 मध्ये मृत्यू सहावर आले. पुढे शहराने डिलिव्हरीवाल्यांची असुरक्षित बाइक जमा करून प्रमाणित बाइक द्यायची योजनाही काढली. कायद्यापाठोपाठ मदतही आली, हे मला महत्त्वाचं वाटतं. नुसती बंदी घातली असती तर गरिबाची रोजी गेली असती.

मला हवंय ते इतकंच: जुनी बॅटरी जमा केली तर एआयएस-156 च्या नव्या बॅटरीवर अनुदान द्या आणि जीएसटी 5 टक्के करा. 2022 च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी जुन्या बॅटरीची जबाबदारी उत्पादकावर टाकलेलीच आहे, ते दुकानापर्यंत आणा. आणि चार्जरवर खरे व्होल्ट मोठ्या आकड्यांत छापायला लावा. 71.4 ला 71.4 म्हणा.

आमच्या सोसायटीत काय झालं तेही सांगतो. दुसऱ्याच दिवशी कमिटीत मागणी आली, आवारात ई-बाइक नकोच. भीती मी समजू शकतो, मीही त्या रात्री झोपलो नाही. पण पार्किंगमध्ये सॉकेट नाही म्हणूनच तर ती बॅटरी तिसऱ्या मजल्यावर टीव्हीशेजारी गेली. बंदी घातली तर उद्या ती पलंगाखाली, गपचूप चार्ज होईल. सॉकेट जिन्याखाली किंवा मीटर बॉक्सशेजारी देऊनही चालणार नाही. सिकंदराबादला सप्टेंबर 2022 मध्ये तळाशी ई-स्कूटरचं शोरूम पेटलं, धूर जिन्यातून वरच्या हॉटेलात चढला आणि आठ माणसं गेली.

म्हणून मी मागच्या भिंतीलगत, इमारतीपासून लांब, वर पत्रा आणि बाजू उघड्या अशी जागा सुचवली आहे. प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र एमसीबी (जास्त प्रवाह गेला की वीज तोडणारा स्विच), आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा), नीट अर्थिंग, आणि रात्री अकराला टायमरने वीज बंद. घरच्या मीटरवरून चार्जिंग करायला केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाची मुभा आहेच, त्यामुळे ज्याची वीज त्याच्या बिलात.

रविवारी सकाळी दहाला सभा आहे. तो मुलगाही येणार आहे, बोलायला घाबरतोय, पण मी त्याला शेजारी बसवणार आहे. वायरमनचं कोटेशन आलंय आणि ठरावाचा मसुदा मी लिहून ठेवलाय. तुमच्या सोसायटीसाठी हवा असेल तर कॉमेंटमध्ये सांगा, पाठवतो.