अँगल कॉक बदलायचाय? मेन कॉकच्या नादी लागू नका

सगळ्यात आधी एक गैरसमज डोक्यातून काढून टाका. बेसिनच्या खाली भिंतीतून बाहेर येऊन काटकोनात वळलेला तो अँगल कॉक पाणी बंद करण्यासाठी असतो, असं काही लोक मानतात. तसं काही नसतं. तो फिनेलची बाटली टेकवून ठेवायला असतो. ओलं फडकं टाकायलाही बरा पडतो. पाणी बंद करणं हे त्याचं काम असतं, तर एवढ्या वर्षांत आपण एकदा तरी त्याची मूठ फिरवली असती की नाही?

ही परंपरा मोडू नका. दर सहा महिन्यांनी मूठ बंद-चालू करून बघणारी माणसं असतात, नाही असं नाही, पण त्यांच्या घरी पाहुणे फारसे जात नाहीत. आपला कॉक शांतपणे मुरू द्या. जुन्या पद्धतीचा, चार-पाच फेऱ्यांत बंद होणारा असेल, तर आत स्पिंडलच्या, म्हणजे मुठीबरोबर फिरणाऱ्या दांड्याच्या, टोकाला एक रबरी वॉशर असतो. तो पडून पडून कडक होतो, पाण्यातले क्षार त्याच्याभोवती घर करतात आणि मुठीच्या मुळाशी हिरवट-पांढरी खपली धरते. नव्या पद्धतीचा, पाव फेऱ्यात बंद होणारा असेल, तर आत सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकत असतात. वाळूचा एक कण मध्ये शिरला की त्यांचं आपसात पटेनासं होतं. पद्धत कोणतीही असो, तुम्ही हात न लावण्याचा नेम नीट पाळलात तर फळ एकच: ज्या दिवशी पाणी बंद व्हायला हवं, त्या दिवशी ते बंद होत नाही.

तो दिवस येतो. बहुतेक वेळा सुट्टीचा असतो. वरचा नळ गळतोय म्हणून तुम्ही खाली वाकता आणि आयुष्यात पहिल्यांदा मूठ पिळता. ती फिरत नाही. आणखी जोर लावता. मग ती फिरते, फिरतच राहते, आणि शेवटी तुमच्या हातात येते. पाणी चालूच. वर मुठीच्या बुडातूनही एक थेंब डोकावायला लागतो. हा बुडातला थेंब स्पिंडलभोवतीचा ग्लँड नट जरासा आवळला तरी कित्येकदा थांबतो, पण इतक्या स्वस्तात सुटायला आपण काय इथे वाकलो होतो? ठरलं, कॉकच बदलायचा.

आता मेन कॉक, अख्ख्या घराचं पाणी बंद करणारा. माझं ऐकाल तर त्याच्या नादी लागू नका. मेन कॉक कुठे आहे हे घरात कोणालाच ठाऊक नसणं, ही घर सुरळीत चालल्याची खूण आहे. शोधलातच, तर समोर दिसेल तो पहिला कॉक बंद करा आणि थेट पाना हातात घ्या. बंद केल्यावर बेसिनचा नळ उघडून धार खरंच थांबते का हे बघणं, पाइपात राहिलेलं पाणी खालच्या एखाद्या नळातून काढून टाकणं, गीझरचं बटण बंद करणं, ही सगळी संशयी माणसांची लक्षणं. पाण्यावर विश्वास हवा.

मी ठेवला होता. वरच्या टाकीतलं पाणी तुमच्या बेसिनपासून दहा मीटर उंचावर असेल, तर भिंतीतल्या त्या भोकामागे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा जोर लावून ते तुमची वाट बघत असतं. हे मी शाळेत शिकलो होतो. बाथरूममध्ये उजळणी झाली. शेवटचा आटा सुटला, कॉक हातात आला, आणि पाणी आलं तसं तोंडचं पाणी पळालं. अशा वेळी माणूस जे करतो तेच मी केलं: भोकावर अंगठा दाबला. आणि सांगतो, अंगठ्याने पाणी थांबतं! भोक लहान असतं, जोर दोनेक किलोच्या आत-बाहेर, अंगठ्याला जमतं. अडचण एवढीच की मग अंगठा काढता येत नाही.

तर मी एक गुडघा फरशीवर, डोकं बेसिनच्या बुडाला टेकलेलं, अंगठा भिंतीत, अशा अवस्थेत मुलाला हाक मारली.

"अरे, मेन कॉक बंद कर!"

"बाबा, तो कसा दिसतो?"

"लाल मुठीचा!"

थोडा वेळ शांतता. मग बाहेरून आवाज, "इथे चार लाल मुठी आहेत."

"सगळ्या बंद कर!"

"एक फिरतच नाहीये. आणि वरच्या मजल्यावरचे काका ओरडतायत, त्यांचं पाणी गेलं म्हणून."

तेवढ्यात दारात सौभाग्यवती. "अहो, किती वेळ असे नुसते बसून राहणार आहात?"

न फिरणारी ती चौथी मूठ आमची होती. वरातीमागून घोडं म्हणतात तसं ते अर्ध्या तासाने बंद झालं. अंगठ्याचं टोक तोवर पांढरंफटक पडलं होतं आणि त्यावर आट्यांची गोल नक्षी उमटली होती, मोजता येईल इतकी स्पष्ट.

बादलीचं विचाराल, तर ती जरूर आणा. बेसिनखाली ती बसत नाही, कॉकपासून जमिनीपर्यंतची जागा नेमकी चार बोटं कमी पडते. पण बादली शेजारी ठेवून पाणी फरशीवर पडताना बघण्यात एक तयारी असल्याचं समाधान आहे. एखादं पसरट भांडं आणि दोन जुने टॉवेल खाली सारले असते तर हे समाधान मिळालं नसतं.

कॉक काढताना पाना एकच वापरा, आणि दांडा जितका लांब तितका उत्तम. जाणकार म्हणतात की दोन पाने घ्यावेत, एकाने भिंतीतून आलेला निपल, म्हणजे आट्यांचा छोटा पाइप, धरून ठेवावा आणि दुसऱ्याने कॉक फिरवावा, म्हणजे भिंतीच्या आतला जोड जागचा हलत नाही. यात गंमत काय राहिली? एकाच पान्याने सगळं अंगबळ लावलंत की आतून 'टक्' असा एक बारीक आवाज येतो. तो आवाज ओळखायला शिका. त्याचा अर्थ असा की प्रश्न आता कॉकचा राहिलेला नाही, टाइल्सचा झालेला आहे, आणि त्या डिझाइनच्या टाइल्स आता येत नाहीत.

नवा कॉक आणताना जुना नमुना म्हणून सोबत नेऊ नका. नुसतं "अर्धा इंची द्या" म्हणा. घरी आल्यावर पट्टी लावून बघा हवं तर. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, आणि आट्यांचा बाहेरचा व्यास भरेल २१ मिलिमीटरच्या आसपास. अख्ख्या वस्तूत अर्धा इंच शोधूनही सापडत नाही. तो जुन्या लोखंडी पाइपाच्या पोकळीचा होता, पाइप गेले, नाव राहिलं. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरने सगळ्यांचे आटे एका मापाचे असावेत असा प्रस्ताव मांडला. आटे कापायचा त्याचा ५५ अंशांचा कोन ब्रिटिश पद्धतीच्या पाइपांत आजही टिकून आहे. अमेरिकन पद्धतीत तोच कोन ६० अंशांचा. दोन्हीकडे अर्ध्या इंचाच्या पाइपाला इंचामागे आटे मात्र १४च. त्यामुळे एकाचा कॉक दुसऱ्याच्या पाइपावर पहिले दोन-तीन फेरे गोडीगुलाबीने चढतो आणि मग रुसतो. रुसला की जोर लावा. पितळ मऊ असतं, ऐकतं.

आता टेफ्लॉन टेप, जोड गळू नये म्हणून आट्यांवर गुंडाळायची पातळ पट्टी, या कामातली सगळ्यात श्रद्धेची वस्तू. १९३८ मध्ये रॉय प्लंकेट हा रसायनतज्ज्ञ फ्रिजमध्ये वापरायच्या वायूवर काम करत होता. बाटलीतून वायू येईना म्हणून ती कापली, तर आत पांढरी भुकटी, तेच टेफ्लॉन. अपघाताने सापडलेली वस्तू आहे, आपणही अपघातासाठीच वापरावी. कॉक ज्या दिशेने आवळायचा त्याच दिशेने टेप गुंडाळली तर ती आट्यांत मुकाट दबून बसते. तुम्ही उलटी गुंडाळा. आवळताना ती गोळा होऊन बाहेर येते आणि कॉकच्या गळ्यात पांढरी लोकर घातल्यासारखी शोभते. कॉकपासून वरच्या नळाला जाणाऱ्या कनेक्शन पाइपाच्या नटालाही टेप लावायला विसरू नका. तिथे पाणी अडवण्याचं काम आतला चपटा रबरी वॉशर करतो, आट्यांचा त्यात काही संबंध नसतो, पण टेप लावल्याने मनाला बरं वाटतं. मग तो नट पान्याने इतका आवळा की वॉशर चिरला पाहिजे. हाताने घट्ट करून वर पाव फेरा, एवढ्यावर थांबणारे लोक आयुष्यात कशातच पुढे जात नाहीत.

आणि मग येतो तो क्षण, ज्याची कल्पना कोणीही आधी देत नाही. कॉक आवळत आवळत आणला, छान घट्ट बसला, एक थेंब गळणार नाही याची खात्री. आणि त्याचं तोंड वर नळाकडे असायच्या ऐवजी डावीकडे, टाइल्सकडे. पाइप जोडायचा कुठे? अजून पाव फेरा पुढे न्यावा तर भिंतीतून परत त्या 'टक्'ची धास्ती. पाव फेरा मागे घ्यावा तर दबलेली टेप सैल होऊन जोड गळणार. खरं उत्तर एकच, सगळं काढायचं, आटे साफ करायचे, टेपचे एक-दोन वेढे कमी-जास्त करायचे आणि पुन्हा बसवायचं. मी तीन वेळा केलं. पहिल्यांदा तोंड डावीकडे, दुसऱ्यांदा जमिनीकडे. तिसऱ्यांदा अगदी सरळ वर. मी उठून उभा राहिलो, कंबर ताठ केली, आणि तेव्हा मला फरशीवर ती चकचकीत वाटी दिसली. भिंतीतलं भोक झाकायची. फ्लँज. जी कॉकच्या आधी पाइपावर चढवायची असते.

तुमचीही फरशीवरच राहील. त्यावर चावी ठेवता येते.

पाणी सोडताना एकदम सोडा. मेन कॉक हळूहळू उघडणं, नळाच्या तोंडाची जाळी आधी काढून ठेवणं, म्हणजे पाइपातला कचरा तिच्यात अडकत नाही, हे सगळं आपल्याला शोभत नाही. पाइपातली हवा खोकते, नळ दोन-तीनदा थुंकतो, मग धार करंगळीएवढी होते. आता नवा नळ आणायला निमित्त मिळालं.

जोड गळतोय का हे तपासण्यासाठी कोरडा कागद गुंडाळून दहा मिनिटं थांबायची पद्धत आहे. तुम्ही कपाटाचं दार लावून घ्या. गळून गळून किती गळणार? सेकंदाला एक थेंब धरा. दिवसाचे सेकंद ८६,४००, एका मिलिलिटरला वीस थेंब, म्हणजे दिवसाला जेमतेम सव्वाचार लिटर. वर्षाला दीड हजार लिटरच्या वर, पण ते काही एकदम येत नाहीत. कपाटाचा तळ फुगायला वेळ लागतो, आणि खालच्या मजल्यावरचे लोक आपल्याला पाण्यात बघायला लागतात तोवर पाहुणे म्हणून कुठेतरी जाता येतं.

नव्या कॉकची मूठ आता पुन्हा फिरवायची नाही, हे सांगायला नको. फिनेलची बाटली होती तशी टेकवून ठेवा. शेजारचा गरम पाण्याचा कॉक त्याच वर्षी, त्याच हाताने बसवलेला आहे, त्याच्याकडे बघूही नका. उठताना कोपर सांभाळा फक्त. माझं त्याच्या मुठीला जरासं लागलं होतं. त्याच्या बुडाशी आता एक थेंब आहे. सकाळपासून पडलेला नाही, पण आहे.