शेवंड ‘मिळेल ते’ खात नाही

शेवंड म्हणजे लॉबस्टर. तिच्या पालनाबद्दलचा एक मेसेज गेले काही महिने फिरतोय, आणि तो माझ्यापर्यंत तीन वेगवेगळ्या गटांतून आला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: ‘शेवंड ही समुद्राची सफाई कामगार, मिळेल ते खाते. कोळंबीचं खाद्य टाका, चालतं. प्रोटीन जास्त तेवढी वाढ जास्त. नाहीतर ताजी मासळी आहेच, तिच्याहून नैसर्गिक काय? शेवंडीसाठी वेगळं गोळीखाद्य बनवायच्या नादात शास्त्रज्ञांनी तीस वर्षं घालवली, हाती काही लागलं नाही.’

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य थोडंसं खरं आहे. म्हणूनच ते लोकांना पटतं.

‘मिळेल ते खाते.’

मेलेला मासा शेवंड खाते, हे बरोबर. पण ती रात्री बाहेर पडून शोधते ते मुख्यतः शिंपले, गोगलगायी, खेकडे, समुद्री साळिंदर, किडे. त्यांचा माग ती वासावर काढते. डोक्यावरच्या लांब काटेरी मिशा वेगळ्या; त्यांच्या मधोमध बारीक, टोकाला दुभंगलेल्या मिशांची एक जोडी असते, ते तिचं नाक. ग्लायसीन, टॉरीन, बीटेन असे पाण्यात विरघळणारे पदार्थ तिथे पोचले की ती हलते. वास नसेल तर अन्न पुढ्यात असूनही ती त्याला हात लावेलच असं नाही. ‘मिळेल ते’ नव्हे, वास येईल ते.

‘कोळंबीचं खाद्य चालतं.’

मेसेजमधला सगळ्यात नुकसानीचा सल्ला हा. दोघींना कवच आहे, दोघी कात टाकतात, म्हणून दोघींचं ताट एकच, असा हिशेब यामागे दिसतो.

कोळंबी बारीक दाणा पटकन उचलते. खाद्य टाकल्यावर तास-दोन तासांत काम उरकतं, त्यामुळे दाणा तेवढा वेळ टिकला की झालं. शेवंड सावकाश खाते. तुकडा पायांनी धरते, तोंडाशी नेते, फिरवते, कुरतडते, थोडा सांडते, पुन्हा उचलते. गोळी ठिसूळ असेल तर तिचा निम्मा भुगा तोंडात न जाता पिंजऱ्याखाली जातो. शिवाय बरीच शेवंड अंधार पडल्यावर तासन्‌तास खात राहते, म्हणजे गोळी रात्रभर शाबूत राहायला हवी.

मग गोळी घट्ट बांधा की! इथेच खरी पंचाईत आहे. ग्लूटेन, अल्जिनेट, जिलेटिन यांसारखे बांधणारे पदार्थ वाढवले की गोळी टिकते, पण वासही आत कोंडला जातो आणि पचनाला त्रास होऊ शकतो. सैल ठेवली तर वास सुटतो, पण तोही पहिल्या काही तासांतच. शेवंड येईपर्यंत उरतो तो बेचव चोथा. टिकाऊपणा आणि वास ही दोन टोकं एकाच गोळीत जुळवायची, यात संशोधनाचा मोठा वेळ गेला आहे. क्रिल या कोळंबीसारख्या छोट्या समुद्री जीवाची भुकटी किंवा शिंपल्यांचा अर्क घातला की शेवंडी जास्त खातात, हे त्यातूनच कळलं.

गोळी तोंडात गेली तरी काम संपत नाही. शेवंडीचे चावायचे दात पोटात असतात. जठरातल्या तीन कठीण दातांची एक छोटी गिरणीच असते तिथे. सुकी गोळी पाणी शोषून फुगते, जठर भरतं आणि ते रिकामं व्हायला कित्येक तास लागतात. तोवर पुढचा घास नाही. शिंपल्याचं मऊ मांस जसं झटपट पुढे सरकतं, तसं गोळीचं होत नाही. म्हणून कागदावर दोन खाद्यांची पोषणमूल्यं सारखी असूनही वाढ वेगळी दिसते. नुसत्या पाकिटावरच्या तक्त्यावर विसंबणाऱ्याला हे दिसत नाही.

‘प्रोटीन जास्त तेवढी वाढ जास्त.’

नाही. सीएसआयआरओ या ऑस्ट्रेलियातल्या सरकारी संशोधन संस्थेच्या प्रयोगांत रंगीत शेवंडीच्या (पॅन्युलिरस ऑर्नेटस) पिल्लांना खाद्यात 6 टक्के स्निग्ध पदार्थ असताना सुमारे 47 टक्के प्रोटीन पुरलं. स्निग्ध पदार्थ 10 टक्के केल्यावर 53 टक्के लागलं. म्हणजे नुसता प्रोटीनचा आकडा सांगून उपयोग नाही, त्याच्या जोडीला स्निग्ध पदार्थांतून ऊर्जा किती हे पाहावं लागतं. खाद्यात ऊर्जा जास्त असली की प्राणी कमी खातो, आणि त्या कमी खाण्यातूनच प्रोटीन पुरं पडायला हवं. गरजेपेक्षा जास्तीचं प्रोटीन अमोनिया होऊन पाण्यात जातं, आणि ते तुम्ही पैसे देऊन विकत घेतलेलं असतं.

‘ताजी मासळी सर्वांत नैसर्गिक.’

इथे आधी एक कबुली. बऱ्याच प्रयोगांत ताजे शिंपले खाणाऱ्या शेवंडी गोळी खाणाऱ्यांपेक्षा भराभर वाढल्या आहेत. हे लपवायचं कारण नाही. पण मेसेज शिंपल्यांबद्दल बोलत नाही, मासळीबद्दल बोलतो.

व्हिएतनामच्या किनाऱ्यावर 1990च्या दशकापासून समुद्रातल्या पिंजऱ्यांत शेवंडी वाढवतात, बहुतेक मासळी, खेकडे आणि शिंपल्यांवर. तिथले शेतकरीसुद्धा ‘मिळेल ते’ टाकत नाहीत; चोर बोंबलासारखी मासळी निवडून घेतात, पिल्लांसाठी बारीक चिरतात. तरीही एक किलो शेवंड तयार व्हायला वीस ते तीस किलो ओलं खाद्य लागतं. कुणी म्हणेल, मासळीत तीन-चतुर्थांश पाणीच असतं. मान्य. पाणी वजा करा. पंचवीस किलोतून सहा-सात किलो कोरडा ऐवज उरतो. तोही सगळा पोटात जात नाही; डोकी, काटे, कवचं तळाशी कुजतात. त्याच तळावर पुढचं पीक उभं करायचं असतं. 2006च्या अखेरीस तिथे दुधाळ रोग आला. यात शेवंडीचं रक्त दुधासारखं गढूळ होतं आणि कारण आहे पेशींच्या आत वाढणारा एक जिवाणू. रोग फक्त खाद्याने आला असं म्हणणं चूक ठरेल, पण दाटीवाटीचे पिंजरे आणि सडकं ओलं खाद्य यांनी पाणी बिघडवलं होतं, आणि त्यानंतरच्या वर्षांत उत्पादन जोरात घसरलं.

शिवाय रोज रोज तीच मासळी, तीही ताजी, मिळेलच याची हमी कोण देणार? वादळात होड्या बंद असल्या तरी पिंजऱ्यातल्या शेवंडीला भूक लागतेच, आणि भुकेल्या पिंजऱ्यात नुकती कात टाकलेली मऊ शेवंड हाच पुढचा घास असतो.

‘तीस वर्षांत हाती काही लागलं नाही.’

कॅलिफोर्नियात नांगीवाल्या अमेरिकन लॉबस्टरवर काम चालू होतं, तेव्हाची गोष्ट. शुद्ध घटकांपासून बनवलेल्या खाद्यावर पिल्लं बरी दिसायची, पण कात टाकताना जुन्या कवचातच अडकून मरायची. 1980च्या सुमारास उलगडा झाला: खाद्यात सोयाबीनचं लेसिथिन (एक स्निग्ध पदार्थ) घातलं की हे मरण थांबतं. ताज्या खाद्यात ते आपसूक असतं, म्हणून तोवर त्याची उणीव कुणाच्या लक्षात आली नव्हती. कोलेस्टेरॉलचंही तसंच. आपण ते शरीरात तयार करतो, शेवंड, कोळंबी, खेकडे अशा कवचधारी प्राण्यांना ते करता येत नाही. खाद्यातूनच द्यावं लागतं. रंगाचंही तेच. अ‍ॅस्टॅझँथिन हे रंगद्रव्य नसलेल्या खाद्यावर वाढलेली शेवंड फिकी पडते, आणि फिक्या शेवंडीला बाजारात मान नाही.

काम अजून अपुरं आहे, हे खरं. रंगीत शेवंड पिल्लापासून एक किलोची व्हायला साधारण दीड वर्ष किंवा थोडं जास्त लागतं, आणि बहुतेक खाद्य-प्रयोग काही आठवड्यांचे असतात. बारा आठवडे चांगली वाढलेली शेवंड विक्रीच्या वजनापर्यंत त्याच गोळीवर जगेल का, याचं उत्तर बारा आठवड्यांत मिळत नाही. तेव्हा कुणी ‘खास शेवंडीचं’ म्हणून पोतं दाखवलं तर प्रोटीनचा आकडा नंतर विचारा. आधी विचारा, नुसत्या या खाद्यावर पिल्लापासून विक्रीपर्यंत किती शेवंडी जगल्या. आणि मूठभर गोळ्या संध्याकाळी समुद्राच्या पाण्याच्या बादलीत टाकून ठेवा, सकाळी हात घालून पाहा.