छळामुळे स्पायडरमॅन घडला म्हणे! त्या फॉरवर्डला उत्तर

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. वर स्पायडरमॅनचा फोटो, त्याखाली "पालकांनो, जागे व्हा" आणि मग पाच मुद्दे. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक, कोळी चावून स्पायडरमॅन होण्याआधी पीटर पार्कर म्हणजे कुणाच्या खिजगणतीत नसलेला पोरगा, पॉवर्स मिळाल्या म्हणून तो घडला. दोन, टीनएज सुपरहिरो सगळे अनाथ नाहीतर मोडक्या घरातले, कारण आईबापाच्या लाडात वाढलेली मुलं साधारणच राहतात. तीन, शाळेत पोरांनी छळलं म्हणून पीटर हिरो झाला, तेव्हा तुमच्या मुलाला कुणी त्रास देत असेल तर मध्ये पडू नका, सोसू द्या. चार, पॉवर्स मिळाल्या आणि त्याचे सगळे प्रॉब्लेम संपले. पाच, अशी मुलं तिकडेच होतात, आपली पोरं नुसती मार्कांच्या मागे. शेवटी पीटरला वाढवणाऱ्या काकाचं, म्हणजे अंकल बेनचं, 'मोठ्या ताकदीबरोबर मोठी जबाबदारी येते' हे वाक्य आणि हात जोडलेले इमोजी.

असल्या गोष्टींना मी एरवी उत्तर देत बसत नाही. पण हा फॉरवर्ड जिजूंनी माझ्या भाच्याला वाचून दाखवला. भाचा आठवीत आहे, वर्गातली तीन-चार पोरं गेले काही महिने त्याच्या मागे लागलीत, डबा लपवतात, चष्म्यावरून नको ते बोलतात, आणि तो सकाळी पोट दुखतंय म्हणून घरी राहायला बघतो. त्याला सांगण्यात आलं की बघ, स्पायडरमॅनलाही असंच व्हायचं, सोस थोडं, त्यातूनच माणूस घडतो. जिजू वाईट नाहीत, त्यांना खरंच वाटलं की पोराला धीर मिळेल. पण ज्याने हे लिहिलं त्याने ती मूळ गोष्ट उघडूनसुद्धा पाहिलेली नाही, आणि मी ती कॉलेजपासून वाचत आलेय, त्यामुळे गप्प बसणं शक्य नाही. क्रमाने जात नाही, सगळ्यात घातक मुद्दा तिसरा आहे, तिथूनच सुरू करते.

मूळ गोष्ट म्हणजे 'अमेझिंग फँटसी' या कॉमिकचा १५ वा अंक, ऑगस्ट १९६२, लेखन स्टॅन ली, चित्रं स्टीव्ह डिट्को. फक्त अकरा पानं आहेत, चहा गार व्हायच्या आत वाचून होतात. त्यात पीटरला वर्गातली पोरं हसतात हे खरं आहे, तो भाग कुणी नाकारत नाही. फ्लॅश थॉम्पसन नावाचा एक हिरो पोरगा आहे, त्याच्या भोवती घोळका, पीटर बिचारा त्यांना सायन्सचं प्रदर्शन बघायला चला म्हणतो तर ते त्याची टर उडवून गाडीत बसून निघून जातात. पीटर रडतो. आणि रडताना काय म्हणतो? मी यांना चांगलं करून दाखवीन, असं नाही. एक दिवस दाखवतो यांना, हसले म्हणून पस्तावतील, असं म्हणतो. छळाने त्याच्यात काय पेरलं ते इथेच लिहिलेलं आहे.

पुढे कोळी चावतो, ताकद येते. आता फॉरवर्डच्या हिशोबाने इतकं सोसलेला मुलगा लगेच लोकांना वाचवायला निघायला हवा ना? तो निघतो कुस्तीच्या रिंगणात, कारण क्रशर होगन नावाच्या पैलवानासमोर तीन मिनिटं टिकलं तर शंभर डॉलर मिळणार असतात. आणि जाताना तोंड झाकून जातो, कशासाठी, तर हरलो तर लोक हसतील म्हणून! भिंतीवर चढता येतंय, माणूस एका हाताने उचलता येतोय, तरी हसण्याची भीती गेलेली नाही. मग टीव्हीवर शो, प्रसिद्धी. आणि मग तो प्रसंग, सगळ्यांना माहीत असलेला पण नीट कुणी न वाचलेला. एक चोर पळत येतो, मागून पोलीस ओरडतोय अडव त्याला, पीटर बाजूला उभा राहतो, चोर लिफ्टमध्ये शिरून पसार. पोलीस जाब विचारतो तेव्हा पीटरचं उत्तर असं आहे की ते तुमचं काम आहे, लोकांनी ढकलायचं आणि मी ढकलून घ्यायचं हे आता बास, यापुढे मी फक्त स्वतःचं बघणार.

हे परत वाचा. चोराला सोडताना तो कारण काय देतोय? चोराशी त्याचं काही देणंघेणं नाही, पोलिसाशीही नाही. ढकलून घेतल्याचा राग तो काढतोय, शाळेतला राग. घरी काका-काकू त्याला हवा असलेला मायक्रोस्कोप आणून देतात तेव्हासुद्धा त्याच्या मनात येतं की माझ्याशी चांगली वागली ती फक्त ही दोघं, यांना मी सुखात ठेवीन, बाकी जग गेलं खड्ड्यात. छळलेल्या मुलाच्या मनात जे होतं ते लीने सरळ लिहून ठेवलंय. आणि त्याची किंमत कोण मोजतं तर बेनकाका. तोच चोर पुढे त्यांच्या घरात शिरतो आणि त्यांना गोळी घालतो. पीटर त्याला जुन्या गोदामात गाठतो, चेहरा बघतो आणि ओळखतो.

म्हणजे छळातून काय घडलं, तर एक पोरगा जो समोरचा गुन्हा बघून गप्प उभा राहिला. हिरो घडला तो नंतर, आणि ज्या माणसाने त्याला एकदाही हिणवलं नाही, सकाळी प्रेमाने उठवलं, त्याच्या जाण्याच्या दुःखातून घडला. फ्लॅश थॉम्पसनचं यात काडीचं श्रेय नाही. ज्याला ही गोष्ट वाचून "छळामुळे हिरो झाला" असं दिसलं त्याने गोष्ट उलटी धरली होती. आणि तुमच्या घरातल्या पोराच्या पोटात दर सकाळी दुखत असेल तर कृपा करून त्याला कॉमिकचे दाखले देऊ नका, शाळेत जा, वर्गशिक्षकांना भेटा, तारखा आणि नावं लिहून न्या, ऐकलं नाही तर मुख्याध्यापकांकडे जा. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइनही आहे. मी ताईलाही हेच सांगितलंय.

आता पहिला मुद्दा, पॉवर्सच्या आधी पीटर म्हणजे कुणीच नव्हता. त्याच कॉमिकच्या सुरुवातीच्या पानांत तो हुशार, मेहनती विद्यार्थी आहे, शिक्षकांचा लाडका आहे आणि रेडिओअॅक्टिव्हिटीचा प्रयोग बघायला एकटा, स्वतःहून जातो. कोळ्याने त्याला ताकद दिली, भिंतीवर चढणं दिलं, धोक्याची चाहूल दिली. जाळं नाही दिलं! जाळ्याचं ते चिकट द्रव्य आणि मनगटावरचं यंत्र पीटरने स्वतः, आपल्या डोक्याने बनवलं. इथे एक मान्य करते, २००२ च्या सिनेमात जाळं थेट मनगटातून येतं, त्यामुळे ज्यांनी फक्त तो सिनेमा बघितला त्यांचा गैरसमज होणं मी समजू शकते. पण मूळ गोष्टीत स्पायडरमॅनची सगळ्यात ओळखीची गोष्ट ही कोळी चावण्याआधीच्या अभ्यासू पोराची कमाई आहे. पुढच्या अंकांतही तेच. १९६३ मध्ये व्हल्चर नावाचा उडणारा चोर येतो, त्याचे पंख चुंबकीय शक्तीवर चालत असणार असं ओळखून पीटर ती बंद पाडणारं यंत्र बनवतो. धातूचे चार जादा हात असलेला खलनायक डॉक्टर ऑक्टोपस पहिल्या झटापटीत त्याला मार मार मारतो, नुसत्या ताकदीने काही होत नाही, मग पीटर रसायन तयार करून त्याचे दोन धातूचे हात एकमेकांना चिकटवतो. प्रयोगशाळेत बसणारा पोरगा काढून टाका, मग स्पायडरमॅन पहिल्या वर्षातच मेला असता.

आणि "पॉवर्स मिळाल्या की माणूस घडतो" हे मुलांच्या डोक्यात भरणं निरुपद्रवी नाही. २०२० मध्ये बोलिव्हियात तीन लहान भावांनी स्पायडरमॅन व्हायचं म्हणून ब्लॅक विडो जातीच्या विषारी कोळ्याकडून स्वतःला चावून घेतलं, तिघंही हॉस्पिटलमध्ये, वाचले हे नशीब. तिथल्या आरोग्य खात्याने ही घटना पालकांना सावध करायला मुद्दाम सांगितली होती.

दुसरा मुद्दा, सगळे अनाथ. यात अर्ध सत्य आहे हे नाइलाजाने कबूल करावं लागेल. जुन्या पिढीतले बरेच आहेत खरे. १९४० चा बिली बॅटसन, जो जादूचा शब्द उच्चारून कॅप्टन मार्व्हल होतो, तो पेपर विकणारा, घरातून हाकललेला, सबवे स्टेशनात झोपणारा पोरगा. त्याच वर्षी आलेला बॅटमॅनचा साथीदार रॉबिन, म्हणजे डिक ग्रेसन, सर्कशीत झुल्यावर काम करणाऱ्यांचा मुलगा, आईवडील डोळ्यांदेखत गेले. पीटरलाही आईवडील नाहीत. पण पीटरचं घर मोडकं होतं असं कोण म्हणतं? मे काकू त्याच्या आवडीचा नाश्ता करून वाढते, काका थट्टा करतो की इतकं खाऊ घालू नकोस, आत्ताच हा मला कुस्तीत आवरत नाही. इतका लाडाचा पोरगा त्या काळच्या कॉमिकमध्ये शोधून सापडणार नाही. म्हणजे लाडाने मुलं साधारण राहतात हे सांगायला यांनी उदाहरण कुणाचं घेतलं, तर पीटरचं.

आणि नंतरच्या पिढीत तर घर भरलेलंच आहे. माइल्स मोरालेस, २०११ चा नवा स्पायडरमॅन, ब्रुकलिनचा, आईवडील दोघं आहेत, चांगल्या शाळेच्या लॉटरीत त्याचा नंबर लागतो तेव्हा घरात काय आनंद होतो ते बघा. हायमे रेयेस, म्हणजे २००६ चा ब्लू बीटल, टेक्सासमधल्या एल पासोचा, वडिलांचं गॅरेज आहे, आणि हा पोरगा आपल्या पॉवर्सबद्दल घरच्यांना सरळ सांगून टाकतो.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते कमला खानबद्दल. जर्सी सिटीतली सोळा वर्षांची पाकिस्तानी-अमेरिकन मुलगी, 'मिस मार्व्हल' ही तिची मालिका २०१४ ला सुरू झाली, पहिल्या खंडाला २०१५ चा ह्यूगो हा विज्ञानकथांसाठीचा पुरस्कार मिळाला. पॉवर्सच्या आधी ती काय करते? अॅव्हेंजर्स या सुपरहिरोंच्या टोळीवर रात्र रात्र जागून कथा लिहिते, अम्मी ओरडते, अब्बू पार्टीला जाऊ देत नाहीत, भाऊ आमीर सतत नमाजात, मैत्रीण नाकिया, मित्र ब्रूनो. आपल्याकडच्या कुठल्याही घरात हे चालू असतं. तिच्या शाळेत झोई नावाची मुलगी आहे, गोड बोलून टोमणे मारणारी, कमलाच्या घरच्यांवरून, धर्मावरून. कमला एका रात्री चोरून पार्टीला जाते, तिथेही तिचा अपमानच होतो, परतताना धुक्यात सापडते आणि पॉवर्स मिळतात. आणि थोड्याच वेळात तीच झोई पाण्यात पडून बुडायला लागते. कमला तिला वाचवते. का वाचवते, तेही कॉमिकमध्ये लिहिलंय. टीव्हीवर काही वाईट बातमी आली की तिचे अब्बू कुराणातली एक आयत म्हणायचे, एकाला वाचवणारा जणू सगळ्या मानवजातीला वाचवतो, ती तिला त्या क्षणी आठवते.

पीटरने चोर सोडला तेव्हा त्याच्या डोक्यात शाळा होती, कमलाने झोईला ओढून काढलं तेव्हा तिच्या डोक्यात घर होतं. दोन्ही गोष्टींमध्ये बावन्न वर्षांचं अंतर आहे, लिहिणारे वेगळे, तरी उत्तर एकच निघतं, आणि ते फॉरवर्डच्या बरोबर विरुद्ध आहे.

चौथ्या मुद्द्यावर वेळ घालवत नाही. 'अमेझिंग स्पायडरमॅन'चा पहिला अंक, मार्च १९६३, उघडा. घरभाड्याला पैसे नाहीत, काकू दागिने गहाण ठेवायला जाते. पीटरला शोच्या पैशांचा चेक मिळतो तर तो स्पायडरमॅनच्या नावाचा, बँक म्हणते ओळखपत्र दाखव. वर्तमानपत्राचा मालक जेमसन त्याच्याविरुद्ध रान उठवतो आणि पुढे पीटर त्याच जेमसनला फोटो विकून घर चालवतो. प्रॉब्लेम संपले नाहीत, वाढले. अंकल बेनच्या वाक्याचंही तसंच, १९६२ च्या त्या अंकात ते बेनकाकाच्या तोंडी नाहीच, शेवटच्या चित्रावर निवेदकाचं वाक्य म्हणून येतं, काकाच्या तोंडी ते नंतर घातलं गेलं. इतकं तरी तपासायचं.

राहिला पाचवा, की अशी मुलं तिकडेच होतात आणि आपली मार्कांच्या मागे. पीटर स्वतः मार्कांच्या मागेच होता, वर सांगितलंच. आणि "तिकडेच" म्हणणाऱ्यांना पवित्र प्रभाकर माहीत नसावा. २००४ मध्ये 'स्पायडरमॅन इंडिया' नावाचं कॉमिक आलं, चित्रं जीवन कांग यांची, गोष्ट मुंबईतली. पवित्र हा खेड्यातून स्कॉलरशिपवर मुंबईच्या शाळेत आलेला मुलगा, धोतर नेसतो म्हणून पोरं हसतात, घरी भीमकाका आणि मायाकाकू. त्याला पॉवर्स एका योग्याकडून मिळतात. आणि त्याच्याही गोष्टीत एका बाईवर गुंड चालून येतात तेव्हा तो मदत न करता निघून जातो, मदतीला धावतात ते भीमकाका, आणि त्यात त्यांचा जीव जातो. काका जातो तेव्हाच पवित्र बदलतो, धोतरावरून हसणाऱ्या पोरांमुळे नाही.