गरीब विद्यार्थी परत कसा पाठवावा

गरीब, मागास मुलांना मदत करायला कॉलेजात असतं त्या समान संधी केंद्रावर नेमणूक झाल्याबद्दल अभिनंदन. खुर्चीचा एक हात तुटलेला आहे, प्रिंटरची शाई संपलेली आहे आणि खोली जिन्याखाली आहे. पण कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची समिती यायची असली की दारावरची पाटी पुसली जाते, हे काय कमी आहे? मीही याच खात्यात काम करते. गेल्या आठवड्यात फीच्या खिडकीवर जे पाहिलं, त्यानंतर वाटलं की हे शास्त्र नव्या माणसांना लेखी मिळायलाच हवं.

शिष्यवृत्तीच्या कागदपत्रांची पूर्ण यादी एकदम कधीही देऊ नये. आज उत्पन्नाचा दाखला मागावा. पोरानं तहसील आणि सेतूच्या खेपा घालून अडीच लाखांच्या आतला दाखला आणला, की रेशनकार्ड आठवावं. मग गॅपचं, म्हणजे शिक्षणात पडलेल्या खंडाचं, प्रतिज्ञापत्र. मग आधार. खातं आधारशी लिंक आहे म्हणाला, तर "लिंक वेगळं, सरकारी पैसे जमा व्हायला लागतं ते सीडिंग वेगळं" असं सांगून बँकेत परत धाडावं. दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, ही बातमी एप्रिलमध्ये द्यावी.

प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर चालतं, हे चुकूनही बोलू नये. गेटबाहेरच्या स्टँपव्हेंडरलाही पोट आहे.

आवाज मोठा ठेवा. "ए स्कॉलरशिपवाली, तू बाजूला थांब" हे रांगेत शेवटी उभ्या असलेल्यालाही ऐकू गेलं पाहिजे.

ओटीपी तीन मिनिटांत मिळाला नाही तर पुढचा नंबर घ्या. मोबाइल बापाच्या नावावर, बाप ऊसतोडीला आणि फडात रेंज नाही, हा भूगोल तुमच्या विषयात येत नाही.

स्वाधार योजनेबद्दल तर मौनच बरं. वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या पोराला पुण्या-मुंबईत राहण्या-खाण्यासाठी वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळू शकतात, हे त्याला कळलं तर तो शिक्षण अर्धवट सोडून गावी कसा जाणार?

आता खरं कौशल्य. महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, मुलांनी भरलेला अर्ज आधी आपल्याच कॉलेजच्या लॉगिनला येतो. क्लार्कनं तपासायचा, प्राचार्यांनी मंजूर करायचा, तेव्हा कुठे तो सरकारी खात्याकडे जातो. म्हणजे अडवायचा पहिला मान आपला. तो सोडू नये. अर्ज तिथंच मुरू द्यावेत. पासवर्ड एकाच माणसाला माहीत असावा आणि तो माणूस इलेक्शन ड्यूटीवर असावा, नाहीतर मेहुण्याच्या लग्नाला. मुलं विचारायला आली की "साइट स्लो आहे" म्हणावं. साइट खरोखरच स्लो असते, त्यामुळे खोटं बोलल्याचं पापही लागत नाही. आणि परीक्षा तोंडावर आली, की त्याच मुलांना सांगावं : फी बाकी आहे, हॉलतिकीट मिळणार नाही.

गेल्या आठवड्यात हेच झालं. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी, घरात बारावीच्या पुढे गेलेली पहिलीच. सोबत आई, खुरपणीचा रोज बुडवून पहिल्या एसटीनं आलेली. खिडकीतून उत्तर आलं, "स्कॉलरशिप जमा झाली नाही, त्यात कॉलेजचा काय दोष?" आईनं वाद घातला नाही. "साहेब, आत्ता किती भरावं लागंल?" एवढंच विचारलं. मी आत जाऊन स्क्रीन उघडायला लावली. अर्ज कुठे होता? आपल्याच लॉगिनला! दिवाळीच्या आधीपासून! एकही त्रुटी नाही, एकही कागद कमी नाही, नुसता पडून. पोरीनं मुदतीत भरलेला अर्ज तुम्ही दाबून बसलात आणि थकबाकीदार ती? शिष्यवृत्तीला पात्र मुलांकडून प्रवेशाच्या वेळी फी मागू नका, असं शासन परत परत कळवतं. ती परिपत्रकं किती सुंदर पंच करून फाइलला लावली आहेत! खात्यात फीचे पैसे आले की सात दिवसांत कॉलेजला भरीन, असं या मुलांकडून लिहून घेतलं जातं. सात दिवस. अर्ज पुढे पाठवायला कॉलेजला किती दिवस, हे मात्र कोणाकडून लिहून घेतलं आहे?

असो. उपदेश अपुरा राहायला नको.

२६ जूनला शाहू जयंती जोरात करावी. महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात बोर्डिंग काढलं, भाऊराव पाटलांच्या लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या पोरांसाठी मंगळसूत्रसुद्धा मोडलं, हे सांगताना आवाज भरून आला पाहिजे. सभागृहात खुर्च्या लावायला कमवा व शिकाची मुलं असतातच. त्यांचे तासांचे पैसे मागच्या टर्मपासून राहिले आहेत, पण तो विषय त्या दिवशी काढू नये, वातावरण बिघडतं.

बिघडू दे वातावरण. पुरे झाली ही मस्करी. त्या खिडकीत बसलेल्यांतले निम्मे याच शिष्यवृत्तीवर शिकलेत, मला माहीत आहे. कुणाच्या तरी सहीनं तुमचाही अर्ज वेळेत पुढे गेला होता, म्हणून तुम्ही आज काचेच्या या बाजूला आहात. त्या बाईशी बोलताना मान वर करायलाही तुम्हाला जड गेलं. तिच्या बुडालेल्या रोजाचे पैसे कोण देणार? पोर्टल? पोर्टलवर ढकलणं बंद करा. पोर्टलचे घोटाळे आहेत तिथं मी भांडतेच, पण हा अर्ज पोर्टलनं अडवला नव्हता. माणसानं अडवला होता, पगारी माणसानं.

तिचं हॉलतिकीट आज द्या, हमीपत्र हवं तर माझं घ्या. आणि लॉगिनला अजून पडलेत त्यांची यादी काढा. वेळ नसेल तर पासवर्ड द्या, मी रात्री बसते.